जुन्या पेठेत खड्डा घेताना: साताऱ्यातल्या लहान बांधकामांवर पुरातत्त्वीय देखरेख कशी ठेवावी

मंगळवार पेठेतल्या एका वाड्याच्या परसात शौचालयाच्या टाकीचा खड्डा चालू होता. सकाळपासून तीन फूट माती निघाली होती. मुकादमांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हितं काय बी न्हाय, निस्ती माती हाय." तेवढ्यात घमेलं उचलणाऱ्या मावशी वाकल्या आणि मातीतून नखाएवढा हिरवा काचेचा तुकडा काढून मला दाखवला. "बांगडी हाय वो ही." मी खड्ड्याची ती बाजू थापीने खरवडून साफ केली, तर बांगडी जिथून निघाली होती तिथे बोटभर जाडीचा राखेचा पट्टा आडवा गेलेला दिसला. त्याखाली भाजून विटकरी झालेली माती आणि तीन दगड होते. ती चूल होती. आज जे परस आहे तिथे कधीकाळी स्वयंपाकघर होतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो, मापं आणि चित्र मिळून चाळीस मिनिटं गेली. मग काम पुढे चालू झालं आणि टाकी ठरल्या जागीच बसली.

देखरेख म्हणजे एवढंच. आपण स्वतः काही खणून काढायचं नाही. ज्या कामासाठी माती निघणारच आहे, तिथे उभं राहायचं, बघायचं आणि जे दिसेल ते नष्ट होण्याआधी नोंदवायचं. उत्खनन ही वेगळी गोष्ट आहे. त्याला शासनाची मंजुरी लागते, तज्ज्ञांचं पथक लागतं, आणि ते आपलं काम नव्हे. इंग्लंडमध्ये १९९० नंतर बांधकाम परवानगी देतानाच अशा देखरेखीची अट घालण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे घराच्या साध्या खड्ड्यासाठी तशी सरसकट सक्ती नाही. म्हणूनच हे काम वास्तुकलेचे विद्यार्थी, साइटवरचे तरुण इंजिनिअर, इतिहासाची आवड असलेले शिक्षक आणि स्वतः घरमालक यांनी शिकून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

साताऱ्याच्या मातीत काय आहे

खड्ड्यावर जाण्याआधी गावाचा ढोबळ काळ डोक्यात हवा. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबाने वेढा घातला तो १६९९ च्या अखेरीस, आणि किल्ला पडला १७०० च्या एप्रिलमध्ये. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, आणि किल्ल्याखालचं शहर, पेठांमागून पेठा, त्यांच्या काळात उभं राहिलं. पुढे प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत राजवाडा, रस्ते, पाण्याची सोय अशी मोठी कामं झाली. १८४८ मध्ये साताऱ्याचे शेवटचे राजे अप्पासाहेब महाराज वारले आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. म्हणजे बहुतेक पेठांत तुमच्या पायाखाली साधारण तीनशे वर्षांचा संसार आहे, आणि त्याखाली मुरूम किंवा काळा खडक.

वाई किंवा कऱ्हाडात काम असेल तर हिशेब बदलतो. कऱ्हाडचं नाव मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या शिलालेखांत येतं आणि जवळच आगाशिवाची बौद्ध लेणी आहेत. तिथे थर दोन हजार वर्षं मागे जाऊ शकतात. गावठाणाची जुनी 'पांढर' हा आपल्या लोकांनीच घडवलेला शब्द आहे. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन फिकट होते. खड्ड्यात करडी, भुसभुशीत, राखट माती लागली की समजायचं, इथे माणसं राहिली आहेत.

आधी कागद, मग कुदळ

काम सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी चार गोष्टी बघा. मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. जुन्या नकाशावर आज नसलेली भिंत, आड, बोळ दिसतो. १८८५ साली निघालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहराच्या पाण्याच्या योजनांचं आणि इमारतींचं वर्णन आहे, ते एकदा वाचून ठेवा. मोडी वाचता येत असेल किंवा वाचणारा मित्र असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात सातारा महाराजांचं दप्तर आहे, पण टाकीच्या खड्ड्यासाठी तिथवर जायची गरज नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र. तिथे दुरुस्तीलासुद्धा आधी परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात वारसा यादीबद्दलही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते ती घरातली सर्वांत वडीलधारी बाई. आजींना विचारा, आड कुठे होता, तो कधी बुजवला, पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) कुठे होतं, न्हाणीचं पाणी कुठून जायचं, घराचा कोणता सोपा (ओसरी) पडला आणि कधी. हे सगळं तारखेसह वहीत उतरवा. मला एका घरात आजींनी काठीने फरशीवर ठोकून पेवाचं तोंड दाखवलं होतं. ते त्यांनी दाखवलेल्या जागेपासून हातभरच बाजूला निघालं.

भीती बोलून टाका

कामाच्या आधी मालक, ठेकेदार आणि मुकादम यांच्याबरोबर एकदा चहा घ्या. सगळ्यांच्या मनात एकच भीती असते. काही निघालं की सरकार जागा ताब्यात घेणार, काम बंद पाडणार. या भीतीपायी माणसं वस्तू लपवतात, वितळवतात, रात्रीत खड्डा बुजवतात. यात जितकं नुकसान झालं आहे तितकं जेसीबीने केलेलं नाही, असं माझं मत आहे.

म्हणून कायदा साध्या शब्दांत सांगा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा असा आहे की जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, साधारण किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. ते केलं नाही किंवा वस्तू ओळखू येऊ नये म्हणून तिचं रूप बदललं, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जागामालकाने त्यात साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. चौकशीअंती त्या द्रव्याचा कुणी मालक ठरला नाही आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते घेता येतं. हे ऐकल्यावर मुकादमांचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं), तिची विक्री परवान्याशिवाय करता येत नाही, हेही तिथेच सांगून टाका.

मग तीन गोष्टी कागदावर ठरवा. "थांबा" कुणी म्हणायचं, एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं, आणि त्या वेळेची मजुरी कुणी द्यायची. मजुरांचा रोज बुडणार नाही हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं पाहिजे. रोजावर आलेल्या माणसाकडून फुकट थांबण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे, आणि त्याने काम बिघडतंच.

पिशवीत काय हवं

यादी लांब करत नाही. गवंड्याची लहान थापी, मऊ ब्रश, पाच मीटरचा आणि तीस मीटरचा टेप, ओळंबा, सुतळी, खिळे, ट्यूब लेव्हल, आलेख कागद, पेन्सिली, झिपच्या पिशव्या, पक्क्या शाईचं पेन, हेल्मेट, जाड तळव्याचे बूट. झाडांवर पाणी मारायचा हातातला स्प्रे आणि एक पांढरी चादर नक्की घ्या, त्यांचा उपयोग पुढे सांगते. अर्ध्या मीटरची काठी घेऊन तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवा. प्रत्येक फोटोत ती दिसली पाहिजे.

फोनच्या जीपीएसवर विसंबू नका, त्यात काही मीटरचा फरक सहज पडतो आणि दाटीच्या बोळात आणखी जास्त. खड्ड्याची जागा घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने मोजा. खोलीसाठी न हलणारी एक जागा धरा, जोत्याची वरची पायरी उत्तम, आणि सगळ्या खोल्या तिथूनच मोजा. खड्ड्याच्या काठापासून मोजलेली खोली दुसऱ्या दिवशी निरर्थक होते, कारण काठ ढासळतो आणि त्यावर मातीही पडते.

खोदाई चालू असताना

जेसीबी असेल तर चालकाशी आधी बोला. बकेटच्या दातांनी माती नांगरल्यासारखी उचकटते आणि थर दिसत नाहीत. दातांवर सपाट लोखंडी पट्टी बसवून घेतली तर माती सुरीने कापल्यासारखी निघते. एका वेळी वीतभरच खाली जायला सांगा. चांगला चालक हे काम माझ्या थापीहून हलक्या हाताने करतो, आणि बकेटला "वेगळा आवाज आला" हे त्यालाच सगळ्यात आधी कळतं. यंत्र चालू असताना त्याच्या फिरण्याच्या टप्प्यात उभं राहू नका. दीड मीटरहून खोल आणि आधार न दिलेल्या चरात तर कोणत्याही वस्तूसाठी उतरू नका. साताऱ्याची भरावाची माती पावसात एका क्षणात बसते, त्यामुळे शक्य असेल तर हे काम मेअखेरपर्यंत उरकावं.

बाहेर काढलेल्या मातीचा ढीगही बघा. घमेली वाहणाऱ्या बायकांची नजर ढिगावर सतत असते. त्यांना सांगून ठेवा की खापर, काच, हाड, धातू, काहीही दिसलं तर हाक मारा. आणि हाक मारल्यावर दरवेळी जा. दहातल्या नऊ वेळा तो आजकालच्या कपाचा तुकडा असेल, पण एकदा जरी तुम्ही हात झटकलात तर दहावी हाक येणार नाही.

थर वाचणे

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळं इथेच आहे.

खड्ड्याची एक बाजू थापीने उभी तासून सपाट करा. उन्हात ती पांढरट, एकसारखी दिसेल. आता तिच्यावर स्प्रेने हलकं पाणी मारा आणि दोघांनी चादर धरून सावली करा. रंग उठून येतात. राखेचा करडा, भाजलेल्या मातीचा विटकरी, सारवलेल्या जमिनीची एकावर एक बसलेली बारीक पापुद्र्यासारखी रेघ, चुन्याचे पांढरे कण, खाली मुरमाचा पिवळट तांबडा. फोटो याच क्षणी घ्या.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे सरळ आहे. घोळ होतो तो खड्ड्यांमुळे. जुन्या लोकांनीही खड्डे खणले, खांबाला, कचऱ्याला, पायाला. असा खड्डा वरून सुरू होऊन खालचे थर कापत जातो आणि त्यात नंतरची माती भरलेली असते. म्हणून खोलवर सापडलेली वस्तू जुनीच असं नाही. तिच्याभोवतीची माती आडव्या थराची आहे की कापून भरलेल्या खड्ड्याची, हे आधी ठरवा. उंदराच्या बिळांतूनही लहान वस्तू खाली जातात.

भिंतीचा पाया लागला तर त्याच्या शेजारी जवळून बघा. दगड बसवायला खणलेल्या चराची कड कोणत्या थरातून सुरू होते, तिथली जमीन ही भिंत बांधली तेव्हाची जमीन. दगडांच्या दरजांत माती आहे, चुन्याच्या घाणीत मळलेला चुना आहे की सिमेंट, तेही लिहा.

थराचा काळ ठरतो तो त्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून. काही खुणा मी कायम लक्षात ठेवते. मंगलोरी कौलाचा तुकडा असेल तर थर १८६५ नंतरचा, कारण मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. चिलमीचा तुकडा असेल तर साधारण १६०० च्या मागे जाऊ नका, कारण तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांमुळे आला. सिमेंट दिसलं तर विसावं शतक. समजा, एकाच थरात शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) आणि मंगलोरी कौल मिळालं. तर थर कौलाच्या काळाचा किंवा त्याहून अलीकडचा. शिवराई एकोणिसाव्या शतकातही हातोहात फिरत होती. नवे लोक इथे हमखास फसतात, "श्री राजा शिव" ही अक्षरं दिसली की जमीन शिवकालीन ठरवून मोकळे होतात.

प्रत्येक थराला आणि प्रत्येक खड्ड्याला क्रमांक द्या, १, २, ३ असे सापडतील तसे. एका बाजूचं चित्र आलेख कागदावर १:२० प्रमाणात काढा. चित्रकला येत नसली तरी चालते. सुतळी लेव्हलमध्ये ताणायची, दर दहा सेंटिमीटरला तिच्यापासून थराच्या कडेपर्यंत वर-खाली मोजायचं आणि ठिपके जोडायचे. फोटोत जे सुटतं ते हात चालताना डोळ्याला दिसतं.

वस्तू निघाली तर

हात लावू नका. आधी जागीच फोटो, मग दोन कोपऱ्यांपासून अंतर, पायरीपासून खोली, थराचा क्रमांक. नंतर उचला. जागा हरवलेली शिवराई बाजारात शेकड्याने मिळते. राखेच्या थर क्रमांक ४ मध्ये मिळालेली शिवराई त्या चुलीबद्दल काही सांगते.

खापरं पाण्याने मऊ ब्रशने धुतली तर चालतं, पण आतून काळी काजळी किंवा खरकटं चिकटलेलं असेल तर ती तशीच ठेवा. धातूला पाणी लावू नका. आणि कृपा करून नाण्याला चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर लावू नका. तांब्यावरचा तो हिरवा थर घासताना अक्षरंही जातात. एका घरी मी पोहोचेपर्यंत नाणं चिंचेने लख्ख झालं होतं. घरच्यांनी ते प्रेमानेच केलं होतं, पण त्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओलं लाकूड निघालं तर ते मात्र ओलंच राहू द्या, वाळलं की चिरतं.

साताऱ्यात हमखास भेटणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या सांगते. एक म्हणजे खापरी नळ. यवतेश्वर आणि महादऱ्याच्या बाजूने शहरात पाणी खेळवणाऱ्या जुन्या व्यवस्थेचे भाजलेल्या मातीचे नळ पाइपलाइनच्या चरात आडवे येतात. नळाच्या आतला व्यास मोजा, सांध्याला चुना आहे का बघा आणि चराच्या दोन्ही टोकांना नळाच्या तळाची खोली घ्या. दोन खोल्यांतल्या फरकावरून उतार कुणीकडे होता ते कळतं. असे पाच-सहा तुकडे वेगवेगळ्या पेठांतून नोंदले गेले तर जुन्या पाण्याचा मार्ग नकाशावर उतरवता येईल. त्यासाठी एकही जादा खड्डा घ्यावा लागणार नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे भुयार. पोकळी लागली की पेठेत बातमी पसरते की किल्ल्यावर जाणारा मार्ग सापडला. मी पाहिलेल्या पोकळ्या पेव, तळघर किंवा सांडपाण्याचा दगडी नळ निघाल्या. धान्याचं पेवही मोलाचं आहे, त्याचं तोंड, खोली, आतलं लिंपण नोंदवा. पण आत कुणाला उतरू देऊ नका. बंद पेवात प्राणवायू नसतो आणि उतरलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो. फोन काठीला बांधून वरूनच फोटो घ्या.

माणसाचं हाड वाटलं तर काम पूर्ण थांबवून पोलिसांना कळवा. वेढ्याच्या काळातला तोफगोळा असेल, तोही जिथे आहे तिथेच ठेवा, आत दारू असू शकते. मूर्ती निघाली तर घटकाभरात हळदीकुंकू आणि नारळ येतात. लोकांची श्रद्धा अडवायची नाही, फक्त हात जोडून विनंती करायची की शेंदूर, तेल आणि पाणी लावण्याआधी चारही बाजूंचे फोटो आणि मापं घेऊ द्या. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. मग तहसीलदार आणि पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागाच्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही याच संचालनालयाचं आहे, तिथे समक्ष जाऊन विचारता येतं.

बुजवणे आणि लिहिणे

उघडं पडलेलं जुनं बांधकाम जागीच राहणार असेल तर त्यावर आधी शेडनेट, मग वीतभर धुतलेली वाळू, मग माती. शेडनेटवर चालू सालाचं एक रुपयाचं नाणं ठेवा. पुढे कधी कुणी खणलं तर त्याला कळेल की इथपर्यंत आधी कुणी आलं होतं आणि कधी.

काहीच निघालं नाही तरी अहवाल लिहा. "दोन मीटरपर्यंत भराव, खाली मुरूम, वस्तीची खूण नाही" हीसुद्धा माहिती आहे. त्यावरून पेठेची हद्द कुठे संपत होती ते कळतं. चार पानं पुरतात. जागेचा नकाशा, कामाच्या तारखा, थरांची यादी, एक चित्र, फोटो, वस्तू आता कुणाकडे आहेत ते. मोघम शब्द नकोत. "बरीच खापरं" असं लिहू नका, मोजून "तांबडी १७, काळी ४" लिहा. एक प्रत संग्रहालयाला द्या, एक नगर वाचनालयाला, आणि तिसरी घरमालकांना, म्हणजे ती खरेदीखत आणि मिळकत पत्रिकेच्या पिशवीत राहील आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी हाताशी येईल.